लोअर परळचे नाइट क्लब : एक परिसर-अभ्यास
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

समाजशास्त्राच्या तासाला सरांनी आम्हां सर्वांना एक काम नेमून दिले होते. आपण राहतो त्या परिसरातील एका प्रकारच्या संस्था निवडाव्यात, त्यांची माहिती गोळा करावी आणि त्यांत उत्तम कोणती हे स्वतःच्या कसोट्या लावून ठरवावे. कोणी वाचनालये घेतली, कोणी व्यायामशाळा, कोणी गणेशोत्सव मंडळे. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून म्हटले, "लोअर परळचे नाइट क्लब." वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून "आम्हीही मदतीला येतो" असा आवाजही आला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "तुला आत कोण सोडणार?"

प्रश्न रास्त होता. महाराष्ट्रात बियर किंवा वाइन पिण्यासाठी वयाची २१ वर्षे आणि इतर मद्यांसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. मी १९ वर्षांची आहे. शिवाय चार मित्रांचे क्लबातले एका रात्रीचे बिल म्हणजे आमच्या घरचा महिन्याचा किराणा. परंतु हा विषय मी थट्टेने निवडलेला नव्हता. आमची चाळ डिलाईल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर आहे. शनिवारी रात्री मी अभ्यासाला बसले की गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, नुसता ठोका ऐकू येतो. माझे आजोबा याच भागातल्या एका गिरणीत साचेखात्यात होते. माझे बाबा गेली सोळा वर्षे इथल्या क्लबांच्या स्वयंपाकघरांत काम करीत आले आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि माझी फी याच क्लबांतून आलेल्या पगारातून भरली जाते. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे मी नम्रपणे समजते.

रातपाळीचा परळ

लोअर परळला रात्र जागवायला क्लबांनी शिकविले, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला स्थापन केली. त्यानंतर परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सारा भाग गिरण्यांनी भरून गेला आणि गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. गिरण्या तीन पाळ्यांत चालत. तिसरी पाळी म्हणजे रातपाळी. आजी सांगते, आजोबा रातपाळीला गेले की त्यांच्या जागेवर दुसऱ्या पाळीहून आलेला गावचा माणूस झोपायचा. गावमंडळाच्या एकेका खोलीत कितीतरी माणसे अशी पाळीपाळीने राहत. त्यांच्या जेवणाची सोय खाणावळवाल्या बाया करीत. आमच्या आजीनेही काही वर्षे सहा माणसांचे डबे केले. या खाणावळवाल्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

या रात्रीला स्वतःची करमणूकही होती. चाळीत भजनाची डबलबारी रंगे, कोकणातल्या मंडळींची नमने आणि जाखडी चाले. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उभे राहत. परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटके होत. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक याच वस्तीत गाजले. ताजमहाल हॉटेलात गोऱ्या साहेबांसाठी आणि श्रीमंतांसाठी जॅझ वाजत असे त्याच काळात इकडे डफ वाजत होता. फरक इतकाच की इकडे वाजविणारा आणि ऐकणारा एकाच चाळीतला असे. हनुमान थिएटर पुढे बंद पडले. १९२२ साली उभे राहिलेले दामोदर नाट्यगृहही २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद करण्यात आले.

गिरणीचा क्लब कसा झाला

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतला असे कधीच झाले नाही. तो नुसता विरत गेला. आजोबा दोन वर्षे गावी जाऊन शेती करून आले आणि पुढे एका इमारतीवर वॉचमन झाले.

गिरण्या थंडावल्या, पण त्यांच्या जमिनी थंडावल्या नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते. एक वाटा शहराला मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती वाटणीतून वगळली गेली. या दुरुस्तीविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ साली न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. दरम्यान, २००५ साली सरकारी मालकीच्या गिरण्यांपैकी ज्युपिटर मिलची जमीन २७६ कोटी रुपयांना आणि मुंबई टेक्स्टाइल मिलची ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती.

जिथे उंच इमारती आल्या तिथे कचेऱ्या आल्या, आणि जिथे जुन्या शेड राहिल्या तिथे क्लब आले. याचे कारण समजण्यासारखे आहे. गिरणीच्या शेडचे छप्पर उंच, भिंती जाड आणि जमीन जड यंत्रे पेलणारी. सभोवार आवार आणि आवाराला फाटक. मोठ्या आवाजात संगीत वाजवायचे आणि एका वेळी पाच-सहाशे माणसे घ्यायची तर याहून सोयीची जागा कोणती? त्यातून जवळच्या कचेऱ्यांत हजारो तरुण नोकरीला येऊ लागले होते. संध्याकाळी त्यांच्या हातात पैसा होता आणि गाडीला गर्दी होती.

नामांकित क्लब

१९९० च्या दशकाच्या अखेरीस फिनिक्स मिलच्या आवारात 'फायर अँड आइस' हा डिस्को सुरू झाला आणि दक्षिण मुंबईतली श्रीमंत मुले प्रथमच परळला रात्री येऊ लागली. आज त्या आवारात मोठा मॉल आहे. गिरणीची चिमणी मात्र अजून उभी आहे.

दुसरे नाव 'ब्लू फ्रॉग'चे. मथुरादास मिलच्या आवारातील एका जुन्या गोदामात २००७ साली तो उघडला आणि २०१६ साली बंद झाला. संगीतकारांनीच पुढाकार घेऊन काढलेला हा क्लब होता. इथे तबकड्यांवरचे संगीत दुय्यम आणि प्रत्यक्ष वाद्यवृंद मुख्य. बसण्याच्या जागा गोल कोनाड्यांसारख्या, एकामागे एक चढत जाणाऱ्या केल्या होत्या, जेणेकरून कुठूनही रंगमंच दिसावा. देशोदेशीचे वादक तिथे वाजवून गेले. या भागात ध्वनीची व्यवस्था इतक्या विचाराने पूर्वी कोणी केली नव्हती, असे बाबांचे एक जुने सहकारी सांगतात. त्यांना ध्वनीचे शास्त्र ठाऊक नाही. परंतु त्यांचे म्हणणे असे की, तिथे आवाज मोठा असूनही कान दुखत नसे.

२०१३ साली 'बार्किंग डिअर' याच मथुरादास मिलच्या आवारात आले आणि जागेवर बियर तयार करणारे मुंबईतले ते पहिले ठिकाण ठरले. 'तोडी मिल सोशल' याने गिरणीचे नावच पाटीवर घेतले. आत जुन्या भिंतींचा गिलावा मुद्दाम तसाच उघडा ठेवण्याची फॅशन आली. गच्चीवरचे बार हा आणखी एक प्रकार. वरळीच्या एका मोठ्या हॉटेलच्या ३४ व्या मजल्यावर 'एअर' नावाचा बार आहे. तिथून समुद्र दिसतो, तशीच आमची चाळही दिसत असणार.

क्लब कसा चालतो

क्लब म्हणजे नुसती दारू आणि नाच नव्हे. ती एक व्यवस्था आहे. राज्य उत्पादन शुल्क खात्याचा मद्यविक्रीचा परवाना, महापालिकेच्या आरोग्य खात्याचा खाद्यगृहाचा परवाना, पोलिसांचा करमणुकीचा परवाना आणि अग्निशमन दलाचे ना हरकत प्रमाणपत्र, एवढे कागद तरी लागतात. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे आग विझविण्याची साधने चालू आहेत असे प्रमाणपत्र मालकाने दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यावयाचे असते.

प्रवेशाचेही शास्त्र आहे. दाराशी 'कव्हर चार्ज' घेतात, म्हणजे प्रवेशाचे पैसे, आणि ते बहुधा आतल्या बिलातून वळते होतात. एकट्या पुरुषांना पुष्कळदा अडवितात, जोडप्यांना सोडतात. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी स्त्रियांना फुकट प्रवेश असतो. हे ऐकून प्रथम मला बरे वाटले. मागाहून लक्षात आले की फुकट प्रवेश हा स्त्रियांसाठी नसून स्त्रिया आत असल्या म्हणजे जे पुरुष पैसे देऊन येतात त्यांच्यासाठी आहे.

रात्री दीडला बार बंद होतात. गिऱ्हाईक गाडीत बसून निघून जाते. त्यानंतर काम करणाऱ्यांची झाडलोट, भांडी आणि हिशेब सुरू होतात. तोवर शेवटची लोकल गेलेली असते आणि पहिली पहाटे चारनंतर. बाबा चालत घरी येतात, म्हणून आम्ही सुखी. विरार-कल्याणची मुले कोठीघरात खोकी पसरून पडतात. आजीला हे ऐकून नवल वाटले नाही. ती म्हणाली, "म्हणजे पाळ्यांची माणसं अजून तशीच झोपतात तर."

२०१७ साल

या अभ्यासातला पुढील भाग लिहिणे मला जड गेले, परंतु तो टाळता येण्यासारखा नाही.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पाऊस कोसळत असता परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे गेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, माणसे वाढली, पण पूल तेवढाच राहिला होता. त्याला बरोबर तीन महिने होतात तोच, २८ डिसेंबरची मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे २९ तारखेला, कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या दोन पबना आग लागली. १४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. पुष्कळजणी वाट न सापडून प्रसाधनगृहात शिरल्या आणि तिथेच गुदमरल्या. दुसऱ्याच दिवशी महापालिकेने शहरात तीनशेहून अधिक ठिकाणी बेकायदा बांधकामे पाडली. ती एका दिवसात सापडली, याचा अर्थ ती आधीही दिसत होती.

त्या वेळी मी अकरा वर्षांची होते. बाबा त्या पबांत नव्हते, दुसऱ्या आवारातील एका क्लबात होते. परंतु आम्हांला आगीचे नाव कळले, जागेचे नीट कळले नाही. कामावर असताना फोन जमा करून घेतात, त्यामुळे बाबांचा फोन लागेना. आई उंबऱ्यावर बसून राहिली. पहाटे चारला बाबा आले. पोलिसांनी रस्ता अडविला होता, म्हणून लांबून वळसा घालून आले होते. ते काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

पुढचे मला या वर्षी, या अभ्यासाच्या निमित्ताने कळले. त्यांच्या क्लबाच्या स्वयंपाकघरामागे बाहेर पडायचे एक दार होते आणि त्याच्यापुढे रिकाम्या बाटल्यांचे क्रेट रचलेले असत. त्या रात्रीनंतर बाबांनी ते क्रेट उचलून बाजूला ठेवले. व्यवस्थापक रागावला. दुसऱ्या दिवशी क्रेट परत दाराशी. बाबांनी परत हलविले. असे पुष्कळ दिवस चालले. अखेर बाबांना दुसरी नोकरी पाहावी लागली.

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफडे येथील नाइट क्लबला आग लागून २५ जण दगावले. या वेळी मृतांत बहुसंख्य तिथे काम करणारे होते. अनेकजण तळघरातल्या स्वयंपाकघरात अडकले होते. ती बातमी बाबांनी दोनदा वाचली आणि मला म्हणाले, "तुझ्या सरांना सांग, मी तुला क्लब दाखवतो."

मंगळवारची दुपार

अशा रीतीने मी एका मंगळवारी दुपारी दोन वाजता, रीतसर परवानगी घेऊन, मागच्या बाजूने एका क्लबात शिरले. सध्याची बाबांची नोकरी तिथेच आहे. आत सगळे दिवे लागलेले होते. रात्री जे चमकत असेल ते दिवसा काळा रंग दिलेले लाकूड निघाले. जमीन चिकट होती आणि आमच्याच चाळीतल्या दोन मावश्या ती पुसत होत्या. एक मुलगा वायरी गुंडाळून ठेवीत होता. मी वर पाहिले. छप्पर करवतीच्या दात्यांसारखे होते. साच्यांवर उजेड पडावा म्हणून गिरणीच्या छपराला अशा काचा ठेवीत, असे आजोबा सांगत. इथे त्या काचांवर काळे कापड ताणले होते.

बाबांनी मला ना बार दाखविला, ना रंगीत दिवे. नाचाच्या जागेच्या मधोमध उभे केले आणि म्हणाले, "डोळे मीट. आता मागच्या दारापर्यंत जा."

मी म्हटले, "डोळे मिटून कशाला?"

"धुरात डोळे उघडे असून काय दिसणार?"

मी भिंतीला हात लावीत, एकदा टेबलाला आपटून, ३१ पावलांत दाराशी पोचले. दार ढकलले. ते बाहेरच्या बाजूला उघडले आणि ऊन तोंडावर आले. दारापुढे काही नव्हते. बाबा म्हणाले, "इथं नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याला हे करायला लावतो. मग भांडी दाखवतो." या कामाचे त्यांना जादा पैसे मिळत नाहीत. ते कोणी सांगितलेलेही नाही.

माझ्या कसोट्या

आता सरांच्या मूळ प्रश्नाकडे येते. उत्तम क्लब कोणता? वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दरवर्षी याद्या येतात. त्यांत संगीत, सजावट, पेये आणि येणारी नामवंत मंडळी यांना गुण दिलेले असतात. या कसोट्या खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. चांगले संगीत चांगल्या जागी ऐकावे, मोकळेपणी नाचावे, ही इच्छा वाईट नाही. माझे आजोबा तमाशाला जात, तेव्हाही लोक नावे ठेवीतच. परंतु माझ्या यादीत आणखी चार प्रश्न आहेत, आणि गुण देताना मी त्यांच्यापासून सुरुवात करीन.

पहिला, बाहेर पडायला दुसरी वाट आहे काय आणि ती मोकळी आहे काय? दुसरा, दाराशी माणसे मोजतात काय, की पैसे तेवढे मोजतात? तिसरा, आलेली मुलगी कोणाची वाट न पाहता सुखरूप घरी जाऊ शकते काय? चौथा, दीड वाजता दिवे मालवल्यावर काम करणारे कुठे झोपतात?

गिरणी ही काही स्वर्ग नव्हती. कापसाच्या धुळीने आजोबांचा खोकला जन्मभर गेला नाही. पण १९४८ च्या कारखाने कायद्यात आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या वाटेसाठी स्वतंत्र कलम होते आणि दार बंद असले तर ते उघडा म्हणून ओरडायला युनियन होती. त्याच शेडमध्ये आज कायदा आहे, प्रमाणपत्र आहे, ओरडणारे मात्र कोणी नाही. एकटा माणूस क्रेट हलवितो आणि नोकरी गमावतो. गिरणीची शेड क्लबाने घेतली, भिंती घेतल्या, नावसुद्धा घेतले. कामगारांची एकजूट तेवढी घेतली नाही. माझ्या अभ्यासातून निघालेला निष्कर्ष एवढाच आहे.

या कसोट्यांना उतरलेल्या क्लबाचे नाव मी इथे देत नाही. कारण मी एकच क्लब आतून पाहिला आहे, आणि तिथे दुसरी वाट मोकळी असली तरी चौथ्या प्रश्नाला तोही उतरत नाही.

जाता जाता एक गोष्ट. हा लेख लिहून झाल्यावर मी सहज आपल्या कॉलेजच्या सभागृहात गेले. रंगमंचासमोर उभी राहिले, डोळे मिटले आणि डाव्या हाताच्या दाराकडे चालू लागले. एकोणीस पावलांवर अडखळले. दारापुढे मोडके बाक रचलेले आहेत आणि दाराला कुलूप आहे. किल्ली कार्यालयात खिळ्याला असते, असे शिपाईकाकांनी सांगितले. स्नेहसंमेलनाला आपण सारे त्या सभागृहात दाटीवाटीने बसतो, नाचतो आणि दिवेही मालवितो. पुढच्या शनिवारी तास संपल्यावर मी ते बाक हलविणार आहे. बाक जड आहेत. त्या दिवशी हसून मदतीला येतो म्हणणाऱ्यांनी आता खरोखरच यावे, ही विनंती.